पाचवी गाडी टाकली की पहिलीचं वजन बिघडायचं (सी प्लस प्लस, माझा अनुभव)

सावद्याला काकांचं केळीचं काम आहे, गाड्यांच्या वजनाचा हिशोब ठेवायला मी सी प्लस प्लसमध्ये छोटा प्रोग्राम लिहिला. सकाळच्या चार गाड्या पुशबॅकने (यादीच्या शेवटी भर घालणारं फंक्शन) व्हेक्टरमध्ये (वाढत जाणारी यादी) टाकायच्या, पहिलीचा रेफरन्स (म्हणजे मेमरीतला तिचा पत्ता) धरून ठेवायचा, मग पाचवी टाकायची. आणि पाचवी टाकली की पहिलीचं वजन १२४८० च्या जागी भलताच आकडा! दोन रात्री हैराण झालो भो, बेरजेचा कोड दहादा वाचला, '-वॉल' (इशारे दाखवायला लावणारा पर्याय) लावूनही कंपायलर गप्प.

शेवटी जी प्लस प्लसला (हाच तो कंपायलर) '-एफसॅनिटाइझ=ॲड्रेस -जी' (मेमरीच्या चुका ओळीसकट पकडणारे पर्याय) देऊन चालवलं, तर लगेच 'हीप-यूज-आफ्टर-फ्री', म्हणजे सोडून दिलेली मेमरी पुन्हा वापरली, आणि मेमरी कुठल्या ओळीत सुटली तेपण दाखवलं, ती ओळ पुशबॅकचीच.

म्हणजे झालं असं, व्हेक्टरची जागा चारचीच होती, पाचवी आल्यावर त्याने आठची नवी जागा घेतली, सगळा माल तिकडे हलवला आणि जुनी सोडून दिली, माझा रेफरन्स मात्र जुन्याच पत्त्यावर. वखार बदलली आणि आपण जुन्याच शटरसमोर उभे, तसं.

रेफरन्स काढून इंडेक्स (यादीतला क्रमांक, मोजणी ० पासून) ठेवला, गाड्या[०] दरवेळी नव्याने वाचतो, काम झालं. रिझर्व्हनेपण (आधीच जागा राखून ठेवली तर) भागतं, पण किती गाड्या येणार ते आधी माहीत पाहिजे, आणि सीझनमध्ये ते कोण सांगणार, म्हणून मला इंडेक्सच बरा वाटतो.

हेच रस्टमध्ये (दुसरी प्रोग्रामिंग भाषा) लिहून बघितलं तर कंपाइलच होईना, एरर ई०५०२, म्हणजे रेफरन्स धरलेला असताना यादी बदलूच देत नाही.