खड्ड्याचा नाही, तिसऱ्या उन्हाळ्याचा हिशेब धरा

आखाजी म्हणजे आपली अक्षय्य तृतीया झाली, माहेरवाशिणी परत गेल्या. आता फळबागेच्या खड्ड्यांची आखणी सुरू होईल. मे महिन्यात खणलेला खड्डा उन्हात तापू द्यावा, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. पण कुदळ उचलायच्या आधी वहीचं एक पान खर्ची घाला.

सीताफळ 5 बाय 5 मीटरवर लावलं तर हेक्टरी 400 झाडं. दोन फुटी खड्डे काळ्या जमिनीत एक गडी दिवसाला दहा काढतो. चोपडा-यावलकडे सातपुड्याच्या पायथ्याला मुरूम लागला की सहा झाले तरी पुष्कळ. रोजगार हमी योजनेचा 2025-26 चा 312 रुपये रोजाचा दर धरला तरी पहिल्या जमिनीत 12,480 रुपये आणि दुसऱ्या जमिनीत 67 दिवसांचे 20,904. त्या दरात बाहेरचा मजूर येत नाही, तेव्हा गावातला चालू भाव लावा. आंबा 10 बाय 10 वर हेक्टरी 100 च बसतो म्हणून खुश होऊ नका. त्याचा खड्डा मीटरभराचा, त्यामुळे 100 खड्ड्यांची माती 100 घनमीटर होते. सीताफळाच्या 400 खड्ड्यांची 86.

इथवरचा हिशेब सगळेच करतात. खरा खर्च पोळा-दिवाळी उलटल्यावर सुरू होतो.

ठिबक नसेल तर पहिल्या उन्हाळ्यात झाडामागे आठ दिवसांनी 10 लिटर पाणी धरा. 400 झाडांना 4,000 लिटर, म्हणजे एका पाळीला एक टँकर. फेब्रुवारी ते जूनचा मध्य, सतरा पाळ्या. टँकर 800 रुपयांना पडला तर 13,600, आणि हे एकाच वर्षाचं. शिंदखेडा-साक्रीकडे विहिरी मार्चमध्येच तळ दाखवतात. तिथे पाण्याचा आकडा बसत नसेल तर हेक्टरऐवजी वीस गुंठेच लावा. आळ्यात उसाचं पाचट किंवा गव्हाचं काड अंथरलं की पाळी लांबवता येते.

भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत अनुदान तीन वर्षांत 50, 30, 20 टक्के असं मिळतं, तेही झाडं जिवंत दिसली तर. म्हणून हिशेब तिसऱ्या उन्हाळ्यापर्यंतचा धरायचा. शेणखत-मातीने खड्डे भरणं, आंतरमशागत आणि काटेरी कुंपण हे शेतकऱ्याच्या गाठचं. कुंपणाची ओळ लोक कोरी सोडतात. मीही सोडली होती. आंब्याची कलमं एका दुपारी शेळ्यांनी शेंड्यापासून खाल्ली, आणि शेळ्या माझ्याच होत्या, भांडायलाही कुणी नाही! हेक्टरभर चौकोनी तुकड्याचा बांध 400 मीटर भरतो. बाभळीच्या काट्यांची वई घालायला किती गडी लागतील ते आजच लिहून ठेवा.

शेवटची ओळ नांग्यांची, म्हणजे मेलेल्या झाडांच्या रिकाम्या जागांची. शंभरात दहा झाडं जातील असं धरून 40 रोपं जास्तीची आणा, लावणीच्याच दिवशी मोठ्या पिशवीत भरून विहिरीजवळच्या सावलीत ठेवा आणि बागेसोबत त्यांनाही पाणी द्या. पुढच्या आषाढात रोपवाटिकेतून आणलेलं रोप बागेच्या वर्षभर मागे राहतं. ही रोपं मात्र बागेच्याच वयाची असतात.