समुद्राखालील ज्वालामुखी आणि भूपट्ट : या चुका टाळा

विज्ञान प्रदर्शनासाठी समुद्राखालील ज्वालामुखीची प्रतिकृती किंवा आकृती तयार करणाऱ्या नाशिकच्या विद्यार्थ्यांचे रंगकाम बहुधा उत्तम असते. चुकते ते खडक वितळण्याचे कारण.

मूळ चूक म्हणजे भूकवचाखाली सर्वत्र लाल शिलारसाचा (वितळलेल्या खडकाचा) समुद्र दाखवून त्यावर भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचे प्रचंड सरकते तुकडे, तरंगत ठेवणे. भूकवचाखालचा खडकाचा जाड थर, म्हणजे प्रावरण, अतिशय तप्त असले, तरी प्रचंड दाबामुळे ते बहुतांशी घनरूपच राहते आणि लाखो वर्षांच्या कालावधीत अत्यंत संथपणे सरकते. म्हणून आकृतीत ज्वालामुखी काढण्यापूर्वी ‘खडक नेमका येथेच का वितळला?’ या प्रश्नाचे उत्तर हाताशी हवे. ते तीनपैकी एक असते: दाब घटला, पाणी मिसळले किंवा खालून नेहमीपेक्षा अधिक तप्त खडक वर आला.

जलमग्न पर्वतरांगांवर पहिले कारण लागू पडते. दोन भूपट्ट एकमेकांपासून दूर जाताना खालचे प्रावरण वर सरकते, त्यावरील दाब कमी होतो आणि वेगळी उष्णता न मिळताही त्याचा काही भाग वितळतो. या रांगांची एकूण लांबी सुमारे 65,000 किलोमीटर आहे. भारतीय विद्यार्थ्याने उदाहरण म्हणून अटलांटिकचेच नाव घ्यावे असे नाही, कारण अरबी समुद्रालगतची कार्ल्सबर्ग रांग अधिक जवळची आहे.

सर्वाधिक गोंधळ होतो तो एक भूपट्ट दुसऱ्याखाली जातो त्या सीमेवर. तेथे घर्षणाने उष्णता निर्माण होऊन बुडणारा भूपट्ट वितळतो, असे सर्रास लिहिले जाते. प्रत्यक्षात त्या भूपट्टातील खनिजांत अडकलेले पाणी खोलवर बाहेर पडते, ते वरच्या प्रावरणात शिरून त्याचा वितळणबिंदू खाली आणते आणि त्यातून शिलारस तयार होतो. ही प्रक्रिया साधारण 100 किलोमीटर खोलीवर घडत असल्यामुळे ज्वालामुखी गर्तेत (भूपट्ट बुडतो तेथील समुद्रतळावरच्या खोल चरात) नव्हे, तर गर्तेपासून बऱ्याच अंतरावर, वरच्या भूपट्टावर उभा राहतो. तुमच्या आकृतीत तो गर्तेच्या तळाशी किंवा बुडणाऱ्या भूपट्टाच्या पाठीवर असेल, तर खोडून पुन्हा काढा. अंदमान समुद्रातील बॅरन बेट याच प्रकारचे आहे: भारतीय भूपट्ट पूर्वेकडे बर्मा भूपट्टाखाली जातो, म्हणून ते गर्तेच्या पूर्वेस आहे. भारतात जागृत ज्वालामुखी नाही, हे वाक्यही या बेटामुळे चुकीचे ठरते.

सर्व ज्वालामुखी भूपट्टांच्या सीमांवरच असतात, हा समजही सोडावा. हवाई बेटे पॅसिफिक भूपट्टाच्या मध्यभागी आहेत. तेथे तप्तबिंदू (खालून अधिक तप्त खडक वर येण्याची जागा, म्हणजे वरील तिसरे कारण) जवळजवळ स्थिर असतो आणि भूपट्ट त्यावरून सरकत जातो, त्यामुळे तप्तबिंदूपासून जितके दूर तितके बेट जुने. येथे बाणाची दिशा उलट काढली, तर बेटांच्या वयाचा क्रमही उलटतो.

हाच विषय नाशिकच्या पायाखाली येऊन पोहोचतो आणि त्याबरोबर एक खास स्थानिक चूकही येते. पांडवलेणी किंवा ब्रह्मगिरीचा काळा बेसाल्ट (लाव्हा थंड होऊन बनलेला खडक) पाहून ‘येथे पूर्वी समुद्रतळ होता’ असे लिहिले जाते. बेसाल्ट समुद्रतळावर विपुल असतो हे खरे. परंतु दख्खनचा बेसाल्ट सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी मुख्यतः जमिनीवरील भेगांतून पसरला. समुद्राच्या पाण्यात थंड होणाऱ्या लाव्हाचे उशीसारखे गोळे बनतात, तर दख्खनमध्ये आडवे, दूरवर पसरलेले थर आहेत आणि त्यांच्यामध्ये ठिकठिकाणी दोन उद्रेकांच्या मधल्या काळात झिजेतून तयार झालेल्या लाल मातीचे पट्टे दिसतात. समुद्राशी त्याचे नाते वेगळे आहे: ज्या तप्तबिंदूशी हे उद्रेक जोडले जातात, तो आज रियुनियन बेटाखाली आहे आणि भूपट्ट उत्तरेकडे सरकताना त्याची खूण लक्षद्वीप, मालदीव व छागोस यांच्या रांगेत उमटली.

प्रतिकृतीत खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर टाकून फेस उसळवणे फार आवडीचे असते, पण खोल समुद्रात पाण्याचा दाब वायूला तसे फुगू देत नाही आणि लाव्हा बहुधा शांतपणे बाहेर पडतो. उथळ पाण्यात चित्र बदलते. 15 जानेवारी 2022 रोजी टोंगाजवळील हुंगा टोंगा–हुंगा हापाई ज्वालामुखीचा स्फोट अतिप्रचंड होता आणि त्यातून त्सुनामीही आली. मात्र 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीला ज्वालामुखी जबाबदार धरू नये. ती सुमात्राजवळ भूपट्ट अचानक सरकून झालेल्या भूकंपामुळे आली होती.