कुत्र्याच्या पिल्लांना जंताचं औषध कसं द्यावं

फुगलेलं पोट बघून लोक म्हणतात, 'किती गुटगुटीत आहे!' पाठीवरून हात फिरवा. मणके हाताला लागत असतील तर ते जंतांचं पोट समजा.

गोल जंत पिल्लाला आईच्या पोटातच लागतात, दुधातूनही येतात. म्हणून बाहेरचं काही न खाल्लेल्या पिल्लालाही औषध लागतं. पहिला डोस दोन आठवड्यांचं झाल्यावर, मग दर 15 दिवसांनी दोन महिन्यांचं होईपर्यंत, पुढे सहा महिन्यांपर्यंत महिन्याला एकदा. एका डोसाने काम होत नाही, कारण औषध आतड्यातले जंत मारतं. अंगात फिरणाऱ्या अळ्या बहुतेक वाचतात आणि काही दिवसांनी आतड्यात उतरतात. पिल्लांबरोबर आईलाही औषध हवंच.

आधी वजन करा. अंदाज नको, मागच्या वेळचा आकडाही नको. या वयात वजन झपाट्याने वाढतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रिकामा डबा ठेवून शून्य करा आणि त्यात पिल्लू बसवा. डॉक्टरांकडून पिल्लांसाठीचं पातळ औषध घ्या, बहुधा त्यात पायरँटेल असतं. बाटलीवर किलोला 1 मिली लिहिलं असेल, तर 800 ग्रॅमच्या पिल्लाला 0.8 मिली. माणसांच्या गोळीचा तुकडा किंवा गुरांचं आयव्हरमेक्टिन अजिबात नको. लसूणही नको, ती कुत्र्यांना बाधते.

बाटली चांगली हलवा, कारण औषध तळाशी बसलेलं असतं. बिनसुईच्या सिरिंजमध्ये मोजून घ्या, टोक गालाच्या कोपऱ्यातून आत सरकवा आणि थेंब थेंब सोडा. मान वर करून घशात ओतलं तर औषध फुप्फुसात जाऊ शकतं. घाई इथेच नडते.

पुढचे एक-दोन दिवस शीमध्ये शेवयांसारखे जंत दिसतील, शी थोडी पातळही होईल. एवढ्याने घाबरू नका. पण सारख्या उलट्या, टणक पोट, दूध न पिणं किंवा पांढुरक्या हिरड्या दिसल्या तर लगेच दवाखाना गाठा. हिरड्या पांढऱ्या पडणं म्हणजे रक्त पिणारे अंकुशकृमी असू शकतात. अशक्त पिल्लू त्यात हातचं जातं. असं पिल्लू असेल तर औषधही आधी डॉक्टरांना दाखवूनच द्या.

शी रोजच्या रोज उचला. गोल जंतांची अंडी मातीत दोन-तीन आठवडे राहिली की माणसालाही लागण करू शकतात. सोसायटीच्या पार्किंगमध्ये व्यालेल्या कुत्रीभोवती मुलं जमतातच. खेळून झालं की त्यांना आधी साबणाने हात धुवायला लावा, मग खाऊ द्या.