ब्लूगिल-क्रॅपीसाठी फिलेची सुरी: पातं लहानच घ्या

अमेरिकेतल्या तळ्यांत गळाला लागणारे ब्लूगिल, क्रॅपी, यलो पर्च हे मासे लहानच, साधारण वीतभर. त्यांचं फिले, म्हणजे काट्यापासून सोडवलेलं मांस, काढताना ८-९ इंची सुरी चालवली की टोकावर ताबा राहत नाही आणि बरंचसं मांस काट्यालाच चिकटून वाया जातं.

पातं ४ ते ६ इंचांचं, अरुंद आणि टोकाकडे निमुळतं घ्या. लवचिकता दुकानातच बघा: टोक फळीवर टेकवून हलकं दाबायचं. पातं साधारण इंचभर वाकून सोडताच सरळ झालं, तर ठीक. ताठ पातं बरगड्यांवरून सरकत नाही, त्यांच्यात घुसतं. फार लपलपीत असलं तर कल्ल्यामागचा पहिला काप देताना डगमगतं. दोन्हींत निवडायचं तर थोडं ताठ बरं.

मूठ रबरी किंवा खरखरीत हवी, पुढे बोट अडेल असा उंचवटा असलेली. माशाच्या बुळबुळीत हातात गुळगुळीत लाकडी मूठ फिरतेच. विजेची सुरी एवढ्या लहान माशाला नको, मांस फार जातं.

चालवताना पातं पाठीच्या काट्याला टेकवूनच शेपटीकडे न्या. हाताला बारीक खरखर जाणवत राहिली पाहिजे. बरगड्यांवर फक्त टोक वापरा, तेही तिरकं.

मासा धरणाऱ्या हातात सुरीने न कापला जाणारा हातमोजा घाला. पाठीवरच्या पराचे काटे टोचतात, आणि बोथट सुरी जोर लावला की हमखास त्याच हातावर घसरते.