सांगली-साताऱ्याच्या कोरड्या उन्हाळ्यात घरभर गारवा आणि ओलावा देणारा डक्ट कूलर कसा बसवावा आणि कसा सांभाळावा

सांगली जिल्ह्यातील तासगाव, कवठेमहांकाळ, जत, आटपाडी आणि सातारा जिल्ह्यातील माण, खटाव, फलटण हा सारा पट्टा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात शेडमधल्या जाळ्यांवर पसरलेल्या द्राक्षांचा साधारण पंधरवड्यात बेदाणा होतो, तो या कोरड्या हवेच्या बळावरच. मात्र तीच हवा घरात शिरली की ओठ फुटतात, घसा कोरडा पडतो, मुलांचा घोळणा फुटतो आणि सागवानी दाराच्या फळ्यांमध्ये फटी दिसू लागतात. थंड प्रदेशांतील घरांमध्ये हिवाळ्यात हवा तापवल्यामुळे कोरडेपणा येतो, म्हणून तिथे हवा तापवणाऱ्या यंत्रणेच्या नळीवरच संपूर्ण घरासाठी आर्द्रता देणारे उपकरण बसवतात. आपल्याकडे कोरडेपणा उन्हाच्या जोडीने येत असल्यामुळे गारवा आणि ओलावा दोन्ही एकदम देणारा डक्ट कूलर हेच त्याचे आपले रूप आहे. पंप टाकीतले पाणी पॅडवर, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या जाड थरावर सोडतो, पंखा बाहेरची हवा त्या ओल्या पॅडमधून ओढतो आणि ती डक्टमधून, म्हणजे हवेच्या रुंद नळीतून, खोल्यांत पोहोचते. तो बसवताना बहुतेकांचे लक्ष यंत्राच्या आकाराकडे आणि किमतीकडे जाते. प्रत्यक्षात त्याचे यश घरातून हवा बाहेर पडण्याची वाट आणि टाकीत येणारे पाणी या दोन गोष्टींवर अधिक अवलंबून असते, आणि या दोन्ही गोष्टी दुकानात विकत मिळत नाहीत.

आधी हवा तपासावी

पाण्याचे बाष्प होताना हवेतील उष्णता खर्ची पडते. एक लिटर पाणी उडून जाताना साधारण दोन-तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता शोषली जाते. हवा जितकी कोरडी, तितके बाष्पीभवन जोरात. आपल्या गावात कूलर किती उपयोगी पडेल, हे विक्रेत्याला विचारण्यापेक्षा दोन साध्या तापमापकांनी घरीच पाहता येते. एका तापमापकाच्या फुग्याभोवती पातळ सुती कापडाची पट्टी गुंडाळून तिचे टोक पाण्याच्या वाटीत सोडावे, दोन्ही तापमापक दुपारी सावलीत पंख्यासमोर ठेवावेत आणि दहा मिनिटांनी आकडे वाचावेत. कोरडा तापमापक ४० अंश आणि ओला २३ अंशांच्या आसपास असेल, तर हवेतील सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांच्या जवळपास आहे आणि चांगल्या पॅडमधून २६-२७ अंशांची हवा मिळू शकते. कारण उत्तम पॅड दोन आकड्यांमधील अंतराच्या साधारण ८० टक्के उतार देते. हे अंतर पाच-सहा अंशांवर आले, की कूलरमधून गारवा थोडा आणि चिकचिक जास्त मिळते. जूनमध्ये वळिवानंतर अनेक घरांतून कूलरबद्दल तक्रार सुरू होते, तेव्हा दोष यंत्राचा नसून हवेचा असतो. महाबळेश्वर, जावळी, पाटण या पश्चिमेकडील भागांत मार्च-एप्रिलचे काही आठवडे सोडले, तर या उपकरणावर मोठा खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आकार आणि जागा

आकार ठरवताना ज्या खोल्यांत हवा सोडायची आहे त्यांचेच क्षेत्रफळ धरावे. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर वगळावे. क्षेत्रफळाला उंचीने गुणून येणारी हवा ताशी २० ते ३० वेळा बदलली गेली पाहिजे. एक हजार चौरस फूट जागा आणि दहा फूट उंची असेल, तर दहा हजार घनफूट हवा होते आणि त्यासाठी मिनिटाला साधारण ३,३०० ते ५,००० घनफूट हवा लागते. सांगलीसारख्या ठिकाणी चार हजारांच्या आसपासचा आकडा समाधानकारक ठरतो. इथे एक सावधगिरी हवी. काही उत्पादक क्षमता घनफूट प्रति मिनिट या एककात लिहितात, तर काही घनमीटर प्रति तास या एककात, आणि दुसरा आकडा पहिल्याच्या १.७ पट दिसतो. त्यामुळे दोन कूलरची तुलना करताना एकक आधी वाचावे, आकडा नंतर. शिवाय पत्रकावरची क्षमता बहुधा डक्ट न जोडता मोजलेली असते, हे लक्षात घेऊन थोडी मोठी क्षमता निवडावी.

कूलर घराबाहेरच असावा, कारण त्याला सतत ताजी कोरडी हवा हवी असते. गच्चीवर किंवा भिंतीला लावलेल्या लोखंडी अँगलच्या स्टँडवर, शक्यतो उत्तरेच्या सावलीत त्याची जागा करावी. शौचालयाची वायुनळी, स्वयंपाकघराची चिमणी आणि जनावरांचा गोठा यांपासून तो किमान दहा फूट दूर असावा. नाहीतर पॅड तो वास इमानेइतबारे घरभर पोहोचवते. साठ लिटरची टाकी म्हणजे साठ किलो पाणी, त्यात यंत्राचे वजन आणि पंख्याची थरथर, म्हणून पत्र्याच्या छपरावर कूलर थेट कधीही ठेवू नये. स्टँडचे पाय भिंतीत किंवा तुळईवर घ्यावेत. सांगली शहरात कृष्णाकाठच्या सखल वस्तीत २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना यंत्र आणि त्याचा स्विचबोर्ड तळमजल्याच्या अंगणात का बसवू नये, हे सांगण्याची गरज नाही.

बसवण्याचा क्रम

प्रथम स्टँड पाणसळीने चारही बाजूंनी समतल करून घ्यावा. टाकी एका अंगाला कलली, तर पंपाकडे पाणी पोहोचत नाही आणि पॅडचा एक भाग कोरडा राहतो. कोरड्या पट्ट्यातून गरम हवा सरळ आत शिरते आणि उरलेल्या पॅडची मेहनत वाया घालवते. स्टँड आणि यंत्र यांच्यामध्ये जाड रबरी गाद्या घालाव्यात.

त्यानंतर भिंतीत भोक पाडून डक्ट घ्यावा. मिनिटाला चार हजार घनफूट हवेसाठी मुख्य डक्टचा छेद सुमारे चार चौरस फूट, म्हणजे दोन फूट बाय दोन फूट धरावा. जागा वाचवण्यासाठी तो निमुळता केला, तर हवेचा आवाज वाढतो आणि शेवटच्या खोलीपर्यंत हवा पोहोचत नाही. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचा डक्ट टिकाऊ असतो. वळणे कमीत कमी आणि गोलाईची असावीत. भिंतीतून जाणारा भाग बाहेरच्या दिशेला किंचित उतरता ठेवावा, म्हणजे वळिवाच्या सरीचे पाणी आत येणार नाही. यंत्राचे तोंड आणि डक्ट यांच्यामध्ये वीतभर कॅनव्हासचा जोड दिला, की पंख्याची थरथर भिंतीत उतरत नाही. गच्चीवरून उघड्या उन्हात जाणाऱ्या डक्टला उष्णतारोधक आवरण घातलेच पाहिजे. प्रत्येक खोलीच्या जाळीला हवा कमी-जास्त करणारी झडप असावी आणि जाळीचा रोख थेट पलंगावर नसावा. मिरजेची सतार किंवा तंबोरा घरात असेल, तर तो झोताच्या वाटेपासून आवर्जून दूर ठेवावा, कारण भोपळा आणि लाकूड यांना कोरडेपणा जितका मारक, तितकाच दुपारी ओला आणि पहाटे कोरडा असा रोजचा फेरबदलही मारक असतो.

पाण्यासाठी गच्चीवरच्या टाकीतून अर्धा इंची नळी घ्यावी, तिच्यावर स्वतंत्र व्हॉल्व्ह बसवावा आणि कूलरच्या टाकीत बॉलकॉक लावावा. टाकीच्या काठावरून सांडणाऱ्या पाण्याची आणि तळातून रिकाम्या करण्याच्या पाण्याची, अशा दोन्ही वाटा नळीने गटारात किंवा झाडांकडे न्याव्यात. त्या गच्चीवर मोकळ्या सोडल्या तर पावसाळ्याआधीच स्लॅबला ओल येते.

विजेच्या कामात काटकसर करू नये. पाणी, धातूचा सांगाडा आणि ओले हात एकत्र येणारे घरातील हे उपकरण आहे. त्यासाठी मीटरजवळच्या पेटीतून वेगळी लाइन, वेगळा एमसीबी (जादा भार आल्यास वीज तोडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच वीज तोडणारा स्विच) आणि सांगाड्याला भक्कम अर्थिंग असावे, आणि हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. टाकीत हात घालण्यापूर्वी स्विच बंद करणे पुरेसे नाही. एमसीबी खाली पाडावा.

हवेला बाहेरची वाट

इथेच बहुतेक घरे चुकतात. एसीच्या सवयीने खिडक्या घट्ट लावून कूलर सुरू केला, की पहिली पंधरा मिनिटे बरे वाटते आणि मग घर दमट होऊन अंग चिकट होऊ लागते. आत आलेल्या ओल्या हवेला जाण्यासाठी जागाच नसते. प्रत्येक हजार घनफूट प्रति मिनिट हवेमागे साधारण दोन चौरस फूट खिडकी उघडी असावी, म्हणजे चार हजारांच्या कूलरसाठी सर्व खोल्यांत मिळून आठ चौरस फूट. जाळीपासून सर्वांत लांबची खिडकी उघडावी, म्हणजे हवा संपूर्ण खोली ओलांडून जाते. ही वाट जमली की नाही, हे वर्तमानपत्राच्या बोटभर रुंद पट्टीने कळते. ती खिडकीच्या गजाला वरच्या टोकाने चिकटवावी. ती बाहेरच्या बाजूला हळूच झुकून तशीच राहिली, तर खिडकी योग्य प्रमाणात उघडी आहे. ती फडफडू लागली, तर त्या खिडकीतून गरजेपेक्षा जास्त हवा जाते आहे. आणि ती सरळ लोंबत राहिली, दारे मात्र आपोआप आपटू लागली, तर आणखी एक खिडकी उघडण्याची वेळ झाली आहे. हॉलमध्ये एक स्वस्त आर्द्रतामापक टांगावा. काटा ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान राहिला पाहिजे. त्यापलीकडे गेल्यास पंप बंद करून काही वेळ नुसता पंखा चालवावा. कपाटातील पुस्तकांवर आणि भिंतींच्या कोपऱ्यांत बुरशी धरते ती साठ टक्क्यांच्या पुढे दिवसचे दिवस राहिल्यावर.

पाणी आणि क्षार

कडक दुपारी चार हजारांचा कूलर ताशी ४० ते ४५ लिटर पाणी हवेत सोडतो. सहा तासांत हे पाणी अडीचशे लिटरच्या पुढे जाते, म्हणजे जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी धरलेल्या माणशी ५५ लिटरच्या हिशेबात जवळजवळ पाच माणसांचे दिवसभराचे पाणी. ज्या गावात मे महिन्यात टँकर येतो, तिथे संपूर्ण घराऐवजी झोपण्याच्या एकाच खोलीपुरता लहान कूलर घ्यावा, हेच शहाणपणाचे.

बाष्प होऊन जाते ते शुद्ध पाणी. क्षार टाकीतच उरतात आणि तासागणिक दाट होत जातात. बोअरचे पाणी वापरणाऱ्यांना हे पॅडच्या कडेला आलेल्या पांढऱ्या, खरखरीत थरावरून दिसते; नखाने खरवडल्यावर तो खडूसारखा भुगा होऊन पडतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे; आपले पाणी त्याहून बरेच जड असेल, तर जितके पाणी उडते त्याच्या साधारण निम्मे पाणी टाकीतून सतत बाहेर सोडावे. त्यासाठी पंपाच्या नळीला एक बारीक फाटा काढून त्यावर छोटा व्हॉल्व्ह बसवला, की काम भागते. कठीण पाणी मऊ करणारे घरगुती यंत्र इथे उपयोगी पडत नाही, कारण ते कॅल्शियमच्या जागी सोडियम देते; क्षारांचे एकूण प्रमाण फारसे घटत नाही. नळाचे आणि बोअरचे, असे दोन्ही पाणी उपलब्ध असेल तर कूलरला नळाचेच द्यावे.

नियमित देखभाल

आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून कडा ब्रशने घासाव्यात. डेंग्यूचा डास अशा साठलेल्या पाण्याच्या काठावर अंडी घालतो, ती सुकूनही महिनोन्महिने टिकतात आणि पाणी मिळाल्यावर आठ-दहा दिवसांत त्यांचा डास होतो. म्हणून नुसते पाणी बदलणे पुरत नाही, घासणे महत्त्वाचे. आरोग्य खात्याच्या ‘कोरडा दिवस’ पाळण्याच्या सूचनेत कूलरही येतो. रोज रात्री कूलर बंद करण्यापूर्वी पंप आधी थांबवून पंखा पंधरा-वीस मिनिटे चालू ठेवावा, म्हणजे पॅड सुकते आणि सकाळी कुबट वास येत नाही.

दर महिन्याला पंपाची जाळी काढून धुवावी आणि वरच्या वाटप नळीची भोके तारेने मोकळी करावीत. पॅडवर उभे कोरडे पट्टे दिसले तर भोके बुजली आहेत असे समजावे. टाकीतील आणि नळीतील क्षार काढण्यासाठी किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व लिटरला ५० ग्रॅम या प्रमाणात विरघळवून तासभर ठेवावे आणि मग स्वच्छ पाण्याने दोनदा धुवावे. शौचालय साफ करण्याचे तीव्र आम्ल वापरू नये. ते कागदी पॅडचा गोंद आणि पत्र्याचा मुलामा दोन्ही खाते. हनीकोम, म्हणजे मधाच्या पोळ्यासारख्या खाचांचे कागदी पॅड मऊ ब्रशने, खाचांच्या दिशेनेच झाडावे. ते चांगल्या पाण्यावर काही उन्हाळे निभावते, गवताचे किंवा वाळ्याचे पॅड मात्र दर हंगामाला बदलावे लागते. पंख्याला पट्टा असेल तर हंगामात दोनदा त्याचा ताण पाहावा. बोटाने दाबल्यावर तो अर्धा-पाऊण इंच दबावा.

मृगाच्या सुमारास पाऊस स्थिरावला, की पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करून टाकी, पंप आणि नळी पूर्ण कोरडी करावी, पट्टा सैल सोडावा आणि डक्टचे तोंड आतून फळीने बंद करावे, नाहीतर ओला वारा आणि कबुतरे त्याच वाटेने घरात येतात. यंत्रावर ताडपत्री घालताना खालची बाजू मोकळी ठेवावी; घट्ट गुंडाळलेल्या पत्र्याला पावसाळ्यात लवकर गंज चढतो. होळीच्या सुमारास पुन्हा सुरू करताना आधी अर्थिंग तपासून घ्यावे, पंखा न लावता नुसता पंप अर्धा तास चालवून ते पाणी टाकून द्यावे, दुसरे पाणी भरावे आणि खिडक्या उघडून मगच पंखा सुरू करावा.