तांबडी भाजी तीन पाण्यांतून काढा

परसातली तांबडी भाजी, म्हणजे लाल माठ, खुडली की मी ती आधी पांढऱ्या टोपात बुडवते, खळबळवते आणि हलक्या हाताने वर उचलते. तळाला गाळ बसतो. तो भाजीचा रंग नव्हे, बोटाला खरखरीत लागतो. दुसऱ्या पाण्यातही निघतो, तिसऱ्यात जेमतेम. गोव्यात डिचोलीला रसायनशास्त्र शिकवण्यात माझा जन्म गेला. मातीतली किरणोत्सारी द्रव्यं भाजीत कशी येतात असं कुणी विचारलं की मी आधी हा टोप दाखवते. थोरियम मुळांतून फारच थोडं चढतं, पानाला चिकटलेल्या मातीतून त्याहून जास्त पोटात जाऊ शकतं.

युरेनियम, थोरियम थोडंफार प्रत्येक मातीत असतं. आपली माती लाल आहे ती लोखंडामुळे, त्यावरून उगाच धास्ती घेऊ नका. काळजी घ्यायची ती युरेनियमच्या खाणीचा गाळ किंवा फॉस्फेट खताच्या कारखान्यातून उरणारा टाकाऊ फॉस्फोजिप्सम मिसळलेल्या मातीत.

तिथे खरा लबाड रेडियम, युरेनियम-थोरियमच्या विघटनातून तयार होणारं किरणोत्सारी द्रव्य. आवर्तसारणीत तो कॅल्शियमच्याच गणात, त्यामुळे मुळं त्याला कॅल्शियम समजून आत घेतात. जमीन आंबट आणि चुन्याला भुकेली असेल तर जास्तच. आपली जांभ्याची जमीन मुळात आंबट, पावसाने चुना धुपून गेलेला. म्हणून माती तपासून घ्या आणि पत्रिकेत लिहिलाय तेवढाच चुना घाला, शिंपल्यांचा चालेल. जास्त घातला की भलतंच होतं: कार्बोनेटच्या जोडीने युरेनियम विरघळून फिरायला लागतं. आणि हो, या साध्या तपासणीत पीएच, म्हणजे मातीचा आंबटपणा, कळतो, रेडियम नाही. त्याला गॅमा स्पेक्ट्रोमेट्रीची, म्हणजे मातीतून निघणारे गॅमा किरण मोजणारी, प्रयोगशाळा लागते. कुजलेलं शेणखत सढळ हाताने घाला, ते ही द्रव्यं धरून ठेवतं.

युरेनियम बहुतेक मुळातच अडकतं. म्हणून मुळा, कणगां, रताळी घासून धुवा आणि साल जाड काढा. साल भाजून खाणारे आमच्या घरातही आहेत, त्यांना कोण सांगणार! माती खरोखरच बाधित असेल तर तिथे पालेभाजी नको, कंदही नकोत. भेंडी, दोडकी, दुधी लावा, फळापर्यंत सगळ्यांत कमी पोचतं. पालेभाजीवाचून चालतच नसेल तर बाहेरची चांगली माती आणून उंच वाफा करा. वाफ्यावर सुकी पानं पसरा, म्हणजे पावसाचा चिखल पानांवर उडत नाही.

पोटॅशियम-40, म्हणजे पोटॅशियमचं किरणोत्सारी रूप, त्याची भीती मात्र सोडा. ते केळ्यात आहे, तुमच्या-आमच्या अंगातही आहे, आणि शरीर पोटॅशियम लागेल तेवढंच ठेवून घेतं.

टोपातलं पाणी मी माडाच्या आळ्यात ओतते. बाधित मातीचं असेल तर ते भाजीच्या वाफ्यात परत घालू नका.