चिक्की-चटणीचे दाणे: अफ्लाटॉक्सिन मर्यादेत कसे ठेवायचे

भारतीय नियमांत थेट खाण्याच्या शेंगदाण्यात एकूण अफ्लाटॉक्सिनची (बुरशीतून तयार होणाऱ्या विषाची) मर्यादा किलोला 10 मायक्रोग्रॅम आहे, पुढे प्रक्रिया होणाऱ्या दाण्यात 15. भाजून हे विष थोडं कमी होतं, संपत नाही. म्हणून खरी लढाई खरेदीच्या वेळीच.

पोत्याच्या वरचे चार दाणे बघून माल घेऊ नका. वरून, मधून, तळातून, अनेक पोत्यांतून नमुना काढा, एकत्र दळा आणि त्यातला भाग प्रयोगशाळेत द्या. बुरशी मोजक्याच दाण्यांत असते, पण त्या दाण्यांत विष प्रचंड असू शकतं; मूठभर नमुना म्हणूनच फसवा निघतो.

दाण्यांतली ओल 7 टक्क्यांच्या आसपास ठेवा. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून लांब रचा. पावसाळ्यात जास्त साठा नकोच.

भाजल्यावर साल काढून पुन्हा निवडा: सुरकुतलेले, काळपट, किडके, बुरशी दिसणारे दाणे बाहेर. हे काम कुटाच्या आधीच व्हायला हवं, नंतर काहीच ओळखू येत नाही. काढलेले दाणे जनावरांनाही घालू नका. दुभत्या जनावराच्या पोटात गेलेलं विष अफ्लाटॉक्सिन एम1 या बदललेल्या रूपात दुधात उतरतं, आणि दुधाची मर्यादा तर किलोला अवघी 0.5 मायक्रोग्रॅम आहे.